हेळंबकर सरांची चार मिनिटं

प्रा. रेवणसिद्ध हेळंबकरांची पुस्तकं परदेशातल्या विद्यापीठांत शिकवली जात होती, तेव्हाही लातूरच्या गंजगोलाईत ते हातात पिशवी घेऊन मेथीची जुडी उलटीपालटी करून बघताना दिसायचे. भाजीवालीनं भाव सांगितला की विचारायचे, "हा भाव कुणी ठरवला?" ती म्हणायची, "मी." मग सर खूश होऊन जुडी पिशवीत टाकायचे. एवढा मोठा तत्त्वज्ञ आपल्या गावात राहतो याचं लातूरकरांना कौतुक होतं, आणि तो इतका साधा राहतो याचं थोडं दुःखही होतं.

त्यांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली. आता जन्मशताब्दी आली. नांदेडच्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारी अक्षरा बिडवे ही शताब्दी समितीतली वयानं सर्वांत लहान, त्यामुळे समितीतली सगळी धावपळ तिच्याच गळ्यात पडली. सरांवर एक माहितीपट करायचा होता. फोटो शंभरावर जमले. रेडिओवरची भाषणं मिळाली. पत्रं, हस्तलिखितं, एक चष्मासुद्धा मिळाला. मिळत नव्हते ते चालते-बोलते सर. कुणी कॅमेरा रोखला की सर भिंगावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "कॅमेरा बघितला की माणूस स्वतःकडे बघायला लागतो. मग समोरच्याकडे कोण बघणार?" त्यामुळे दोन ठिकाणची जुनी रिळं मिळाली, त्यांत फक्त सरांचा तळहात होता.

समितीचे अध्यक्ष भागवत सर हुशार आणि घाईचे. ते म्हणाले, "आता एआय आलंय की. फोटो दिला की माणूस चालतो, बोलतो, मान हलवतो. एका ओळखीच्याकडून मी नमुना करून घेतलाय. बघा."

त्यांनी मोबाईल पुढं केला. पडद्यावर हेळंबकर सरांनी पापण्या मिटल्या, उघडल्या आणि टूथपेस्टच्या जाहिरातीत हसतात तसे पांढरेशुभ्र दात दाखवून ते हसले. अक्षरानं मोबाईल बाजूला सारला.

"सर, हे हेळंबकर सर नाहीत."

"मग खरे आणा," भागवत सर म्हणाले. चिडून नव्हे, अगदी सरळपणानं. "वीस दिवस देतो. नाही सापडले तर हेच."

अक्षरानं त्याच दिवशी सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या, लातूर, उदगीर, अहमदपूरच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर निरोप टाकला: सर दिसत असतील असं कुठलंही जुनं चित्रीकरण असेल तर कळवा. आठ दिवसांत दीडशे उत्तरं आली. त्यांतली शंभर नुसती हात जोडलेली होती. बाकीच्यांनी सुविचार पाठवले, आणि त्यातले निम्मे सरांचे नव्हतेच.

नवव्या दिवशी जळकोटहून एका अमरेशचा फोन आला. त्याचं खत-बियाणांचं दुकान होतं, आणि मागं गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, माझ्या आई-बाबांच्या, नीलम्मा-माणिकप्पांच्या लग्नात सर आलते. एकोणनव्वद साली, इथंच जळकोटात. आईचे वडील आणि सर लहानपणचे दोस्त. व्हिडिओ शूटिंग झालतं, त्यात सर हायत म्हणे."

"म्हणे म्हणजे? तुम्ही बघितलं नाही?"

"कुणीच बघितलं न्हाई पुरतं. त्याच्यावरून आमच्या घरात लई मोठं भांडण झालतं. कॅसेट शूटिंगवाल्याकडंच हाय, शिवप्पाकाका, रेणापूरचे. त्यांना जाऊन भेटा. पण एक सांगतो, आमच्या रत्नम्मा आज्जीसमोर त्यांचं नाव काढू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अक्षरा निघाली आणि दुपारी रेणापूरला उतरली. शिवप्पांनी फोटो स्टुडिओ कधीच बंद केला होता. आता त्यांची रोपवाटिका होती. सहासष्ट वर्षांचा सडपातळ माणूस, कानावर कलमाची पट्टी अडकवलेली, केशर आंब्याच्या रोपांना झारीनं पाणी घालत होता. तिनं कामाचं सांगितल्यावर त्यांनी झारी खाली ठेवली, हात धुतले, घरात गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला, आणि पाल्यात, ज्वारी जपून ठेवावी तशी, एक काळी कॅसेट.

"दरसाल पाला बदलतो," शिवप्पा म्हणाले. "सर हायत ह्याच्यात. चार मिन्टं."

अक्षरानं हात पुढं केला. शिवप्पांनी झाकण लावलं.

"देणार न्हाई."

"काका!"

"बाई, लग्नाची कॅसेट म्हणजे काय सिनेमा हाय का? त्यात घरच्या लेकी-सुना हायत, कुणी रडलेलं हाय, कुणी जेवलेलं हाय. मी तीस वर्षं हा धंदा केला. ज्यांचं लग्न त्यांच्या परवानगीबिगर एक फोटो कुणाला दिला न्हाई. रत्नम्माअक्कानं हो म्हटलं की लगेच देतो."

"लग्न तर माणिकप्पाकाका आणि नीलम्माकाकूंचं."

"लग्न त्यांचं. पण घर अक्काचं. माणिकप्पाला आई न्हवती, ह्या आत्यानंच वाढवलं. लग्नाला अक्षता काय, आचारी काय, सगळं तिनं बघितलं." शिवप्पांनी डबा मांडीवर घेतला. "छत्तीस वर्षं झाली, मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवला न्हाई."

मग कलमं बांधता बांधता त्यांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर महिन्याभरानं ते कॅसेट घेऊन जळकोटला गेले. भाड्याचा व्हीसीआर आणला होता, गल्लीतली माणसं ओसरीवर दाटीवाटीनं बसली. हळद झाली, रुखवत झालं, अक्षता पडल्या. नवऱ्याची चुलती दिसली, मामी दिसली, शेजारीणसुद्धा दिसली. रत्नम्मा कुठंच दिसेना. अर्ध्या-पाऊण तासानं पडद्यावर एक भलंमोठं टक्कल आलं, सगळा पडदा भरून, आणि तेवढ्यात वीज गेली. अंधारात रत्नम्मा उठली आणि म्हणाली, "आंधळ्याच्या हातात कॅमेरा दिलाव. घेऊन जा म्हणावं त्याला."

"मी म्हणलं, अक्का, पुढं बघा, लाईट येऊ द्या. कोण ऐकतंय! मग मला बी राग आला. मी बी उचलली कॅसेट न् निघालो."

"पुढं काय आहे त्यात?"

"ते त्यांनी बघावं," शिवप्पा म्हणाले आणि पुन्हा रोपांकडं वळले.

रेणापूरहून लातूर अर्ध्या तासावर. अमरेशनं नको म्हटलं होतं, पण दुसरा रस्ताच नव्हता. माणिकप्पा आणि नीलम्मा आता लातुरात, औसा रोडला एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर राहत होते. नीलम्माकाकूंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि काम ऐकल्यावर डोळे मोठे करून आतल्या खोलीकडं बघितलं.

"कोण ग?" आतून आवाज आला.

रत्नम्मा बाहेर आल्या. पंच्याऐंशी वय, ताठ कणा, कपाळाला विभूतीच्या तीन रेषा. अक्षरानं वाकून नमस्कार केला आणि खोटं बोलायचं नाही असं ठरवून सरळ सगळं सांगितलं. शिवप्पांचं नाव आलं तशी रत्नम्मांची हनुवटी वर गेली.

"अजून कॅमेरा धरतो का तो?"

"नाही आज्जी. आंब्याची कलमं करतात."

"बरं झालं. आंबे तरी दिसत असतील त्याला."

नीलम्माकाकूंना हसू आवरेना, त्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. पण रत्नम्मा हसल्या नाहीत. त्या सोफ्यावर बसल्या.

"तुला काय वाटतं, मला फोटोची हौस होती?" त्या म्हणाल्या. "एकविसाव्या वर्षी कुंकू गेलं माझं. तवापासून भावाच्या घरी. लग्नकार्यात कामाला रत्नम्मा पुढं आणि हळदीला, ओटीला रत्नम्मा मागं. कुणी बोलून दाखवत न्हाई, पण मागं सरका म्हणायला बोलावं लागत न्हाई. माणिकप्पाच्या लग्नात मी म्हणलं, आज तसं न्हाई व्हायचं, माझ्याच घरचं लग्न हाय. आणि त्या पोरानं बी तेच केलं. अशुभ म्हणून मला वगळलं. ह्यापरास जास्त काय सांगू?"

सरांच्या चार मिनिटांसाठी आपण एका बाईच्या छत्तीस वर्षांच्या दुःखात पाय ठेवतोय असं अक्षराला वाटलं, आणि ती म्हणाली, "आज्जी, तुमची इच्छा नसेल तर राहू द्या. मी समितीला नाही म्हणून कळवते."

हे मात्र रत्नम्मांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं.

"असं कसं? एवढ्या लांबून आलीस. मी बघीन ती कॅसेट. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी न्हाईच त्यात असं डोळ्यानं बघीन, त्याच्या तोंडावर सांगीन आणि मग तुला देऊन टाकीन."

कॅसेट चालवायला व्हीसीआर हवा होता, आणि तो साऱ्या भागात चालू स्थितीतला असा एकाच माणसाकडं होता: नांदेडला शिवाजीनगरातल्या धम्मदीपकडं. वडिलांचं व्हिडिओ लायब्ररीचं दुकान त्यानं मोडलं होतं, पण यंत्रं जपली होती आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचं काम तो करायचा. यंत्र हलवायला तो तयार होईना. त्यामुळे येत्या रविवारी माणिकप्पांनी जीप काढली. पुढं माणिकप्पा आणि मांडीवर डबा घेतलेले शिवप्पा. मागं रत्नम्मा, नीलम्माकाकू आणि मधे अक्षरा.

शिवप्पा गाडीत चढताना म्हणाले, "नमस्कार अक्का."

रत्नम्मा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नीलम्मा, त्यांना सांग, नमस्कार."

चाकूर गेलं, शिरूर ताजबंद गेलं, अहमदपूर गेलं. दोघांची सगळी बोलणी नीलम्माकाकूंमार्फत चालली होती. लोह्याला चहाला थांबले तेव्हा शिवप्पांनी सगळ्यांसाठी भजी सांगितली. रत्नम्मा म्हणाल्या, "नीलम्मा, त्यांना सांग, मला हिरवी मिरची नको." शिवप्पा म्हणाले, "वैनी, त्यांना सांगा, मला ठाव हाय." आणि त्यांनी बिनमिरचीची भजी वेगळी काढून पुढं केली. रत्नम्मांनी ती खाल्ली. पण बोलल्या नाहीत.

धम्मदीपनं कॅसेट उजेडाला धरली, झाकणाची पट्टी उचलून आत बघितलं आणि शिवप्पांना हात जोडले. "काका, बुरशीचा ठिपका नाही हो! लोकांच्या कॅसेटी माझ्याकडं येतात तेव्हा लोणच्याच्या बरणीसारख्या असतात."

दुकानात पाच खुर्च्या मावतील एवढीच जागा. पडदा पांढऱ्या मुंग्यांनी भरला, मग निळा झाला, आणि एकदम सनईचा आवाज आला. वीस वर्षांची नीलम्मा मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलेली दिसली. "यव्वा, किती बारीक होते मी!" काकू ओरडल्या. माणिकप्पांच्या डोक्यावर तेव्हा केस होते, त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. रत्नम्मा मात्र कोर्टात बसल्यासारख्या बसल्या होत्या. चुलती गेली. मामी गेली. शेजारीण गेली.

"बघ," त्या अक्षराला म्हणाल्या. "हाय का कुठं?"

आणि ते टक्कल आलं. पडदा भरून. आणि चित्र थरथरलं, आडव्या रेषा आल्या, आणि यंत्र कट्ट असा आवाज करून बंद पडलं.

"परत तेच!" रत्नम्मा उभ्या राहिल्या. "त्या दिवशी बी हितंच!"

"आज्जी, बसा. वीज गेली नाही, हेड घाण झालंय," धम्मदीप म्हणाला. त्यानं यंत्राचं झाकण उघडलं, काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि बाळाचे कान पुसावेत तशा हातानं आतलं चक्र पुसायला लागला. अक्षराच्या मनात भागवत सरांच्या मोबाईलमधले ते पांढरे दात चमकून गेले. शिवप्पा उठून रत्नम्मांच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले, त्या पुन्हा उठून जाऊ नयेत म्हणून की काय.

यंत्र सुरू झालं. टक्कल मागं सरकलं आणि खाली चेहरा दिसला. हेळंबकर सर! जाड काड्यांचा चष्मा, खांद्यावर टॉवेल. तळहात भिंगाकडं आला, आणि मधेच थांबला. सनईच्या गोंगाटातून त्यांचा आवाज आला, रेडिओवरच्या त्या संथ आवाजापेक्षा कितीतरी चढा आणि घरगुती:

"पोरा, मला काय घेतोस? ती बाई बघ. सकाळपासून पाचशे पानांवर वाढायली आणि तिच्याकडं कुणी बघेना. कॅमेरा तिकडं फिरव."

कॅमेरा फिरला. पंगत दिसली, आणि पंगतीच्या मधोमध, पदर खोचलेली, हातात हुग्गीची बादली घेतलेली, एकोणपन्नास वर्षांची रत्नम्मा.

गव्हाच्या त्या गोड हुग्गीचा डाव घेऊन ती पुढं पुढं सरकत होती, कॅमेऱ्याकडं तिचं लक्षच नव्हतं. सर येऊन पानावर बसले. आपण आता कॅमेऱ्यात आहोत हे ते विसरूनच गेले होते. रत्नम्मानं वाढलं. सरांनी हात आडवा केला. "साकु, साकु."

"पुरे म्हणजे पोटाला पुरे का मनाला पुरे?" पडद्यावरच्या रत्नम्मानं विचारलं.

सरांनी तोंड उघडलं, मिटलं. जगाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उत्तर सापडेना. तेवढ्यात तिनं आणखी एक डाव वाढून टाकला. सर हसले. मान मागं टाकून, खांदे हलवून, मिशीला हुग्गी लागलेली तशीच ठेवून हसले. शंभर फोटोंतल्या एकाही फोटोत ते असे हसले नव्हते. मग त्यांनी शेजारचा पाट थोपटला. "बसा आधी. तुम्ही जेवल्याबिगर मी उठणार न्हाई." आजूबाजूच्या बायका थबकल्या. रत्नम्मानं इकडं तिकडं बघितलं, बादली दुसरीच्या हातात दिली आणि पाटावर बसली. सरांनी स्वतः उठून तिला वाढलं. तिनं पहिला घास घेतला, आणि पंगत पुन्हा सुरू झाली.

धम्मदीपनं हळूच यंत्र थांबवलं. नीलम्माकाकू डोळे पुसत होत्या. रत्नम्मा मागं वळल्या. छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा त्या शिवप्पांशी सरळ बोलल्या.

"तुला ठाव होतं?"

"मीच काढलं की, अक्का."

"मग सांगितलं का न्हाईस रे?"

"तुमी आंधळा म्हणलाव. मला वाटलं, मोठ्या घरच्या बाईचा तोरा. तुमाला अशुभ म्हणून वगळलं असं तुमच्या मनात होतं, हे मला आज लोह्याला वैनीकडून कळलं." शिवप्पा खुर्चीपाशी खाली वाकले. "कळलं असतं तर लाईट येईपर्यंत तुमच्या दारात बसलो असतो."

"मी बी तुझं ऐकायला पायजे होतं," रत्नम्मा म्हणाल्या. "आंधळी मीच." मग नाक पुसून त्यांनी धम्मदीपला फर्मावलं, "लाव परत. आणि आवाज मोठा कर."

त्या दुपारी ती चार मिनिटं अकरा वेळा बघितली गेली. शेजारचा मोबाईलवाला आला, समोरची शिवणकामवाली आली. अक्षरा आधी सरांकडं बघत होती. पाचव्या-सहाव्या वेळी तिच्या लक्षात आलं की आपण आता रत्नम्मांकडंच बघतोय.

भागवत सरांना चित्रीकरण दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा अडखळले. "मिशीला हुग्गी आहे. ते जरा पुसून घेता येईल, आजकाल..." अक्षरानं नुसतं त्यांच्याकडं बघितलं. भागवत सरांनी पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी नमुना म्हणून करून घेतलेला तो व्हिडिओ तिच्यासमोर पुसून टाकला.

माहितीपटात माणसांची नावं खाली लिहायची होती. समितीतल्या कुणीतरी लिहिलं होतं: प्रा. हेळंबकर, एका गृहिणीसमवेत. अक्षरानं ते खोडलं आणि रत्नम्मांना फोन लावला. "आज्जी, तुमचं पूर्ण नाव काय लिहू?"

"पूर्ण नाव? बापाचं का नवऱ्याचं?"

"तुम्ही सांगाल ते."

"मला हे कुणी विचारलंच न्हाई कधी. रेशन कार्डावर जे असंल ते चालत आलं. थांब, उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचाच फोन आला. "नुसतं रत्नम्मा लिव्ह. आणि पुढं जळकोट. आणि त्या शिवप्पाचं बी नाव टाक, मोठ्या अक्षरात."

शताब्दीचा कार्यक्रम लातूरच्या सभागृहात झाला. पहिल्या रांगेत रत्नम्मा, नीलम्माकाकू, माणिकप्पा, जळकोटहून आलेला अमरेश आणि इस्त्रीचा सदरा घातलेले शिवप्पा बसले. सर पडद्यावर हसले तेव्हा साडेसहाशे माणसं त्यांच्याबरोबर हसली. सरांचे दोन म्हातारे विद्यार्थी रडत रडत हसत होते. मग खाली पांढऱ्या अक्षरांत नाव आलं. रत्नम्मांची शाळा चौथीत सुटलेली. त्या पुढं वाकल्या आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात एकेक अक्षर लावून वाचायला लागल्या, "र... त्न... म्मा..."

"आत्या, हळू," नीलम्माकाकू कुजबुजल्या.

"वाचू दे ग," रत्नम्मा म्हणाल्या, आणि त्यांनी जळकोटही वाचून काढलं.